पाचवी टाकी

सिंधूने मला शेवटचं जे विचारलं ते एका खेळण्याबद्दल होतं. मंगळवारची सकाळ, हॉस्पिटलचा बायकांचा वॉर्ड, तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिने तो मास्क बोटाने जरासा वर केला आणि म्हणाली, "टेम्पोचा पिस्टन खाली घेतलात का?" मी म्हटलं, "हो." तिने मास्क सोडला, डोळे मिटले. मी खोटं बोललो होतो. रविवारपासून त्या गाडीला माझा हात लागला नव्हता. थोड्या वेळाने आमची लेक रेखा कांदिवलीहून आली, म्हणाली, पप्पा, तुम्ही घरी जा, आंघोळ करा, दोन घास खा, मी बसते. मी नाहूरला घरी आलो आणि आंघोळ राहिली बाजूला, आधी त्या खेळण्यातल्या गाडीचा खोका उघडला. पिस्टन वरच अडकून बसला होता. पाना घेऊन तो सोडवत होतो तेवढ्यात फोन वाजला. हाताला तेल होतं म्हणून पहिल्यांदा उचललाच नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा रेखा बोलत नव्हती, नुसती श्वास घेत होती... मला कळलं.

त्याला आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, विहारातली माणसं येऊन चार चांगले शब्द बोलून गेली. सिंधूताई शांत होत्या, सोशिक होत्या, कधी वर आवाज नाही. मी ऐकत बसलो आणि मला वैताग आला. कसली शांत. आवाज वर करायची नाही हे खरं, पण स्वतःचं म्हणणं कधी सोडलं नाही तिने. मला ते तिथे उठून सांगता आलं नाही म्हणून इथे सांगतो. मी चौथी शिकलोय. हे मी वहीत लिहिलंय आणि रेखा त्यावरून टाइप करतेय. वाक्यं सरळ करायची नाहीत असं आमचं ठरलंय.

मी मिस्तरी. चाळीस वर्षं भांडुपला पत्र्याच्या शेडमध्ये टू-स्ट्रोक रिक्षा आणि स्कूटर दुरुस्त केल्या. सिंधू मुलुंडला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती. तिचं काम काय, तर गोळ्यांच्या डबीत तो बारीक अक्षरांचा कागद असतो ना, तो घडी करून घालायचा. कुणी वाचत नाही तो कागद. डबी उघडली की पहिला तोच फेकतात. बावीस वर्षं तिने ते कागद घातले आणि ती म्हणायची, एवढं कुणीतरी बसून लिहिलंय म्हणजे त्यात काहीतरी असणार. नववी झालेली होती. इंग्रजी अक्षरं जुळवून जुळवून वाचायची, अडलं की रेखाला फोन करायची. घरात मिक्सर आला तरी आधी कागद, प्रेशर कुकर आला तरी आधी कागद. मला हसू यायचं. मी जन्मात कधी कागद वाचून इंजिन खोललं नाही.

गुडघे गेले तेव्हा शेड बंद केली आणि मी घरी बसलो. बसलो म्हणजे टीव्हीसमोर बसलो आणि दिवसभर सिंधूवर खेकसत राहिलो. चहात साखर कमी, पंखा का बंद केला, कुकरच्या शिट्ट्या किती. सात-आठ महिने तिने ते ऐकून घेतलं. मग एक दिवस घरी मोठा खोका आला. आत हातभर लांबीचा ट्रक, मोठी चाकं, आणि मधोमध खरं इंजिन. लिंबाएवढं, पण खरं. पिस्टन, कार्बोरेटर, सायलेन्सर सगळं होतं. लांबून रिमोटने चालवायचा. रेखाकडून तिने मागवून घेतला होता. रेखा म्हणालेली, आई, बॅटरीवाला घे, त्याला कटकट नसते. तर ही म्हणाली, बॅटरीवाला नको, आवाज करणारा पाहिजे, धूर सोडणारा, आणि बिघडणारा पाहिजे. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी काय म्हणालो? म्हणालो, म्हातारपणी आता खेळणं आणलंस होय मला. ती म्हणाली, "मग नका खेळू. मी चालवीन. आपला टेम्पो आहे तो." तेव्हापासून त्याचं नाव टेम्पो.

खोक्यात इंधन नव्हतं, ते वेगळं मागवायचं होतं, आठवडा लागणार होता. सिंधूने कागद उलगडला, दोन दिवस वाचत बसली आणि मला म्हणाली, याला पेट्रोल चालत नाही, वेगळं दारूसारखं इंधन लागतं. मी म्हटलं, टू-स्ट्रोक आहे. चाळीस वर्षं टू-स्ट्रोकच खाल्लंय मी. ती बाजारात गेली तसं मी खालच्या रिक्षावाल्याकडून बाटलीभर पेट्रोल घेतलं, त्यात ऑइल मिसळलं, अंदाजाने नाही, अगदी मापात, आणि ओतलं टाकीत. मग इंजिन सुरू करायची दोरी ओढत बसलो. पन्नासदा ओढली असेल. तळहाताला फोड आला. ग्लो प्लग, म्हणजे इंजिन पेटवणारी तापती तार, काढून बघायला गेलो तर पेट्रोलची पिचकारी थेट डोळ्यात. सिंधू आली तेव्हा मी मोरीत तोंड धूत होतो आणि कंपनीच्या नावाने शिव्या देत होतो, डुप्लिकेट माल पाठवलाय म्हणून. तिने टेम्पोकडे बघितलं, वास घेतला. टाकीपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी भिजल्या शेवईसारखी फुगून लोंबत होती. तिने कागद घडी केला, अगदी डबीत घालायच्या मापाचा, आणि टेम्पोच्या टपावर ठेवला. तो कागद दोन दिवस तिथेच होता. त्या दोन दिवसांत मी टीव्ही लावला नाही.

मग आम्ही दोघं अंधेरीला त्या खेळण्यांच्या दुकानात गेलो, नवीन नळी आणि रबरी रिंगा आणायला. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, काका, टाकलं काय होतं? मी काचेतल्या गाड्या बघायला लागलो. सिंधू म्हणाली, "मीच चुकून पेट्रोल टाकलं. मला काय कळतंय." तो माणूस हसला, म्हणाला, काकी, काकांना विचारायचं ना. ही म्हणाली, हो, आता विचारीन. बाहेर आल्यावर मी म्हटलं, खोटं का बोललीस? तर म्हणाली, "तुम्ही परत त्या दुकानात पाय ठेवला नसता. मग सामान कुणी आणायचं?" एवढा हिशेब तिचा.

इंधन आलं. आता नवीन इंजिन म्हटल्यावर ते बसवावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. पूर्वी नवीन स्कूटरच्या मागे लोक पाटी लावायचे, गाडी नवी आहे, सांभाळून घ्या. पहिले काही दिवस दामटायची नाही. सिंधूने कागदातून वाचून सांगितलं तेही तेच. पाच टाक्या. इंधन जास्त सोडायचं, धूर निघू द्यायचा, गाडी हळू चालवायची. पहिली टाकी तर चाकं अधांतरी ठेवून जागेवरच. आणि प्रत्येक टाकी संपली की पिस्टन खाली आणून ठेवायचा. कारण हे इंजिन वरच्या बाजूला मुद्दाम घट्ट केलेलं असतं, गरम असताना सैल होतं, थंड होताना आवळतं. पिस्टन वर राहिला तर त्याला पकडून बसतं. तिने रेखाची जुनी नेलपॉलिशची बाटली शोधून काढली आणि इंजिनाच्या फिरत्या चाकावर, फ्लायव्हीलवर, लाल टिपका दिला. टिपका खाली म्हणजे पिस्टन खाली. आणि म्हणाली, एका रविवारी एकच टाकी. मधे आठवडा आराम. मी म्हटलं, आठवडा? ती म्हणाली, कागदात आहे. कागदात आहे म्हटल्यावर माझं तोंड बंद. पेट्रोलचा वास अजून मोरीत होता.

मुलुंड पूर्वेला मिठागराकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोकळं मैदान आहे. रविवारी सकाळी रिक्षाने तिथे जायचो. टेम्पोचा खोका, पाण्याची बाटली, तिचं घडीचं स्टूल, छत्री आणि पोळपाट. पहिल्या टाकीला टेम्पो पोळपाटावर ठेवला, चाकं चारी बाजूंनी लोंबती. ग्लो प्लग तापवला, दोरी ओढली, तिसऱ्या ओढीला सुरू. निळा धूर, टिणटिण आवाज, सायलेन्सरमधून तेलाचे थेंब पोळपाटावर. मला एकदम शेडमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. मी कान लावून आवाज ऐकत होतो. तिने बाटलीतलं पाणी बोटावर घेतलं आणि इंजिनाच्या डोक्यावर एक थेंब टाकला. मी ओरडलो, काय करतेस? ती म्हणाली, तवा बघतेय. भाकरी टाकायच्या आधी तव्यावर पाणी शिंपडून बघतात तसं. थेंब नाचत नाचत सावकाश उडाला म्हणजे ठीक, चर्र करून गेला म्हणजे जास्त तापलंय. मी तिला हसलो. पुढे त्या दुकानातल्या माणसाला सहज सांगितलं तर तो म्हणाला, बरोबर आहे काका, ताप मोजायचं मशीन नसेल तर असंच बघतात.

दुसऱ्या टाकीपासून गाडी जमिनीवर. रिमोट तिच्याकडे. जन्मात सायकल चालवली नव्हती तिने. माझ्या स्कूटरवर मागे बसायची ती पण एका बाजूला पाय टाकून. पहिल्यांदा टेम्पो डावीकडे वळवला की उजवीकडे जायचा. मी आत बघितलं, रिमोटवर एक बारीक बटण होतं उलट-सुलट करायचं, ते फिरवलं. मग गाडी दूर जाताना नीट वळायची, पण आपल्याकडे तोंड करून यायला लागली की हिचा गोंधळ. दोनदा माझ्या नडगीवर घातली. म्हणाली, मुद्दाम नाही हो. मला अजून खात्री नाही. पण शिकली. स्टुलावर बसून, मांडीवर रिमोट, पदर खोचलेला, मोठे मोठे गोल काढायची. एवढी हसताना मी तिला... कधी बघितलं होतं ते आठवत नाही. बघितलं नसेल असं नाही. लक्ष नसेल माझं.

तिसऱ्या टाकीला मी घाण केली. फिरायला येणारे दोघं-तिघं म्हातारे थांबून बघायचे. त्यातला एक म्हणाला, मिस्तरी, एवढा धूर आणि चाल गोगलगायीची? मला लागलं ते. चाळीस वर्षांत माझ्या हाताखालून अशी रडत गाडी बाहेर गेली नव्हती. सिंधू टेम्पो थांबवून त्या म्हाताऱ्याच्या बायकोशी बोलत होती तेवढ्यात मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन कार्बोरेटरची सुई आवळली, इंधन कमी केलं. धूर कमी, आवाज टणटणीत, गाडी सुटली. सिंधूने परत रिमोट घेतला, टेम्पोने चार चकरा भन्नाट मारल्या आणि मधोमध बंद. सिंधूने जाऊन पाण्याचा थेंब टाकला, चर्र. ती म्हणाली, "सुईला हात लावलात ना?" मी म्हटलं, नाही. तिने पिशवीतून वही काढली. दर टाकीनंतर ती वहीत लिहायची, सुईची खाच घड्याळाच्या कितीच्या अंकाकडे आहे ते सुद्धा. म्हणाली, "खाच तीनवर होती. आता पाचवर आहे." चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना उल्लू बनवणाऱ्या माणसाला तिने वहीत पकडला. मग सुई परत तीनवर आणून ठेवली आणि घरी येताना रिक्षात, बाहेर बघत म्हणाली, "इंजिनाला पाच टाक्या तरी देतात. मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत उभी केलेली तुमच्या आईने." हसत म्हणाली. मी पण हसलो. त्या दिवशी ते हसण्यावारी गेलं.

चौथी टाकी. त्या रविवारी रिक्षातून उतरून मैदानापर्यंत चालताना ती दोनदा थांबली. मी पुढे, खोका घेऊन. मागे वळून म्हटलं, चल गं पटापट, ऊन होईल. ती बसली, रिमोट घेतला, पण नीट चालवत नव्हती. टेम्पो एका दगडावर घातला, परत घातला. मी म्हटलं, लक्ष कुठे आहे तुझं? टाकी संपली, इंजिन बंद पडलं. बाकीच्या रविवारी ती लगेच म्हणायची, टिपका खाली घ्या. त्या दिवशी म्हणाली नाही. डोळे मिटून बसली होती. मला वाटलं रुसली. मी पण तिरसटच, तसाच टेम्पो उचलून खोक्यात टाकला. इंजिन जरा कोरडं चाललं तरी मला लांबून कळतं, रिक्षा नाक्यावरून वळली तरी तिचा प्लग गेलाय की क्लच, मी शेडमध्ये बसून सांगायचो. आणि हातभर अंतरावर बसलेल्या बाईचा श्वास लागलाय ते मला ऐकू आलं नाही. संध्याकाळी ती भिंतीला धरून खाली बसली. शेजाऱ्यांनी उचलून हॉस्पिटलला नेली. तिथून पुढचं वर सांगितलंय.

रेखाने तिचं कपाट आवरलं तेव्हा साड्यांच्या खाली एक फाइल निघाली. हृदयाची. दीड वर्षापासूनची. मला माहीत होतं ती सकाळी गोळी घेते, मला वाटायचं बीपीची असेल, सगळेच घेतात. फाइलमध्ये प्रत्येक गोळीच्या डबीतला कागद नीट घडी करून ठेवलेला होता. काही ओळींखाली पेनाने रेघा. सगळं वाचलं होतं तिने. कशाने काय होतं, काय करायचं नाही, किती चालायचं. मग मी रेखाला म्हटलं, टेम्पोचा कागद पण आण आणि मला वाचून दाखव. पहिल्यापासून. तिने वाचला. पाच टाक्या बरोबर. धूर, हळू चालवणं, पिस्टन, सगळं बरोबर. आणि दोन टाक्यांच्या मधे? रेखा म्हणाली, "पंधरा-वीस मिनिटं, पप्पा. गार होईपर्यंत." मी म्हटलं, नीट वाच. आठवडा लिहिलंय का कुठे? तिने परत वाचलं. कुठेच नव्हतं.

म्हणजे आठवडाभर आराम कुणाला लागत होता ते मी आता सांगायला नको. कागदाबाहेर एक अक्षर न बोलणारी बाई माझ्याशी कागदाच्या नावाने खोटं बोलली. सांगितलं असतं तर मी काय केलं असतं? मैदान बंद केलं असतं. घरात बसवून ठेवली असती आणि दिवसभर खेकसलो असतो, गोळी घेतली का, उठलीस कशाला. तिला ते माहीत होतं. माझी खाच कितीवर असते ते तिला कायम माहीत होतं. आणि म्हणूनच मला दीड महिना एकच गोष्ट खाते. मी हॉस्पिटलमध्ये "हो" म्हणालो तेव्हा तिने ते ओळखलं का? ओळखलं असणार. मग मान्य का केलं? की दमली होती... की मला घरी पाठवायचं होतं. मी कितीही कान लावला तरी याचं उत्तर येत नाही.

गेल्या रविवारी मी मैदानावर गेलो. खोका, बाटली, पोळपाट, आणि तिचं स्टूल पण नेलं. कशाला नेलं, मलाच माहीत नाही. त्या गोगलगाय म्हणणाऱ्या म्हाताऱ्याने लांबून बघितलं, जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि पुढे गेला. अडकलेला पिस्टन आदल्या दिवशी सोडवून ठेवला होता. पाचवी टाकी भरली. सुई तीनवर, बघून घेतली. दोरी ओढायला आता खांद्यात दम नाही, सात-आठदा ओढली तेव्हा सुरू झालं. चालवायला म्हणून रिमोट मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला. सुरू करून द्यायचं माझं काम होतं, चालवायचं तिचं. टेम्पो माझ्याकडे यायला लागला की डावं-उजवं उलटं होत होतं, दोनदा दगडावर गेला. तेव्हा मला चौथी टाकी आठवली. मी सावकाश चालवला. निळा धूर, रडका आवाज, मोठे गोल. टाकी संपली. थेंब टाकला. तो नाचत नाचत सावकाश उडाला. टिपका खाली घेतला. मग गार होईपर्यंत तिथेच स्टुलाशेजारी जमिनीवर बसून राहिलो. कागदात पंधरा-वीस मिनिटं आहेत. मी तासभर बसलो असेन.

घरी येऊन वही काढली, लिहायला. पाचव्या टाकीसमोर जागा रिकामी होती. मी लिहिलं, सुई तीन, थेंब बरा, पिस्टन खाली. माझं अक्षर तिच्या अक्षराशेजारी फार वाईट दिसतं. खाली सहाव्या टाकीची ओळ तिने आधीच आखून ठेवली होती. पाच झाल्या की गाडी मोकळी, सुई आवळा, कितीही पळवा. त्या ओळीसमोर तिने लिहून ठेवलंय, "आता यांच्या मनाप्रमाणे."

सहावी टाकी मी भरलेली नाही. भरीन का, माहीत नाही. इंधन अर्धा डबा आहे, टेम्पो तिच्या कपाटावर खोक्यात आहे. रोज सकाळी चहा झाला की खोका खाली घेतो, उघडतो आणि लाल टिपका कुठे आहे ते बघतो. खालीच असतो. कुणी हात लावलेला नसतो, हलणार कुठून. तरी बघतो, आणि मोठ्याने "हो" म्हणतो.